भागाकार आठ : निधी मंजूर करणारी यंत्रणा नक्की काय मोजते?

एक छोटा हिशेब करून बघा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी. सरकारी आकडेवारीनुसार 2020-21 मध्ये या योजनेतून 74,415 उद्योग उभे राहिले आणि 5,95,320 जणांना रोजगार मिळाला. भागाकार करा. उत्तर 8. पुढच्या वर्षी, 2021-22 मध्ये, उद्योग 1,03,219 आणि रोजगार 8,25,752. पुन्हा भागाकार करा. पुन्हा 8. दशांश चिन्हानंतर काहीच नाही.

खरोखर मोजलेला डेटा असा येत नाही. गावातली पिठाची गिरणी, शहरातलं झेरॉक्स सेंटर आणि फर्निचरचा कारखाना यांची देशभराची सरासरी दोन वर्षं लागोपाठ नेमकी आठ भरणं शक्य नाही. निष्कर्ष एकच निघतो: दुसरा आकडा मोजलेला नाही, पहिल्याला आठने गुणून काढलेला आहे. अंदाज बांधणं हा गुन्हा नाही. पण अंदाज निकाल म्हणून वापरला, की अडचण सुरू होते.

ही अडचण कुठून येते हे समजायला अर्जाचा प्रवास बघू. योजना 2008 ची. राष्ट्रीय पातळीवर ती खादी आणि ग्रामोद्योग आयोग राबवतो. जिल्ह्यात अर्ज आयोग, राज्याचं खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडे ऑनलाइन जातो. 2022 पासून प्रकल्पाची मर्यादा उत्पादनासाठी 50 लाख आणि सेवेसाठी 20 लाख रुपये आहे. अर्जदाराने स्वतःचे 5 ते 10 टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज, आणि गटानुसार नव्या उद्योगाला 15 ते 35 टक्के अनुदान. कागदपत्रं तपासली जातात, स्कोअरकार्डवर गुण पडतात, मग फाइल बँकेकडे जाते. कर्ज द्यायचं की नाही हे बँकच ठरवते. म्हणजे ‘अर्ज मंजूर झाला’ या वाक्याचा अर्थ यंत्रणेसाठी वेगळा आणि अर्जदारासाठी वेगळा. पहिलं दार उघडलं तरी दुसरं बंद असू शकतं.

पूर्वी मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती होती. उशीर कमी व्हावा म्हणून 2020 मध्ये तिची भूमिका काढून टाकली. हा बदल चांगलाच होता. सहा महिने फाइल अडकली तर दुकानाचा गाळा हातचा जातो. पण निर्णय लवकर होणं आणि निर्णय बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला जास्त गुण मिळाले त्याचा धंदा खरंच जास्त टिकतो का, हा प्रश्न वेगाने सुटत नाही.

हा प्रश्न नायजेरियात तपासला गेला. तिथल्या सरकारने 2011 मध्ये तरुण उद्योजकांसाठी ‘यूविन’ नावाची स्पर्धा सुरू केली. जवळजवळ 24,000 अर्ज आले. छाननी, प्रशिक्षण, मग व्यवसाय आराखड्यांना गुण. सर्वाधिक गुणांचे काही जण थेट निवडले. त्यानंतर मात्र उरलेल्या 1,841 उपांत्य स्पर्धकांमधून 729 जणांना लॉटरीने निधी दिला. सरासरी रक्कम सुमारे 50,000 डॉलर. लॉटरीमुळे निधी मिळालेले आणि न मिळालेले हे दोन गट सुरुवातीला सारखेच होते, म्हणून पुढे दिसणारा फरक निधीचाच म्हणता येतो. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी दोन्ही गटांचा पाठपुरावा केला. दहा किंवा जास्त कामगार असण्याची शक्यता निधी मिळालेल्या गटात 20 टक्केबिंदूंहून जास्त वाढली होती. पैसा कामी आला.

पण मॅकेन्झी आणि डारिओ सान्सोने यांनी पुढे परीक्षकांचे गुण तपासले, तेव्हा तीन वर्षांनंतरच्या टिकावाशी, रोजगाराशी, विक्रीशी, नफ्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. मशीन लर्निंगलाही विजेते ओळखणं फारसं जमलं नाही.

इथे घाई करू नका. ‘गुण देणं निरर्थक’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. ज्यांचे गुण तपासले ते आधीच छाननीतून आलेले होते. नेट-जेआरएफ मिळालेल्यांमध्ये गुण आणि प्रबंधाचा दर्जा यांचा संबंध दिसला नाही, म्हणून परीक्षा फुकट ठरत नाही. नापास झालेले तुमच्या नमुन्यात आलेलेच नाहीत. नायजेरियाचा अभ्यास एवढंच सांगतो, की चाळणीतून उतरलेल्यांमध्ये 71 आणि 74 गुणांतला फरक फार गंभीरपणे घेऊ नये.

आता पीएमईजीपीकडे परत या. माझा आक्षेप निवड चुकते असा नाही. निवड चुकते की नाही हे कळण्याची सोय वापरलीच जात नाही, हा आक्षेप आहे. आणि सोय आहे! अनुदानाची रक्कम लगेच हातात पडत नाही. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते, आणि प्रत्यक्ष पाहणीनंतर कर्जात वळती होते. म्हणजे उद्योगाच्या दारात माणूस जाणारच असतो. त्याने तिथे किती जण कामाला आहेत हे मोजलं, तो आकडा अर्जाच्या गुणांशी जोडला आणि नावं काढून डेटा खुला केला, तर आठने गुणायची गरज उरणार नाही. बँकेने नाकारलेल्यांपैकी थोड्यांचा जरी पाठपुरावा केला, तर अनुदानामुळे खरंच किती फरक पडला हेही कळू लागेल.

एखाद्या योजनेवर प्रपोजल लिहिणार असाल तर आधी तीन प्रश्न विचारा. यशाचा आकडा मोजलेला आहे की गुणाकाराने काढलेला? ज्यांना नाही म्हटलं त्यांचं पुढे काय झालं, याची नोंद कुणाकडे आहे का? आणि गुणांची रेषा जिथे आखली, तिथल्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या अर्जदारांत खरोखर किती फरक होता?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्या रेषेच्या एका गुणाने खाली राहिलेल्या माणसाला आपण ‘तुझा प्रकल्प कमी पडला’ असं सांगत असतो. ते सांगण्याइतका पुरावा आपल्याकडे हवा.