दोन गाण्यांच्या मधली जागा

आमच्या वर्ध्यात 'डीजे' म्हणजे माणूस नव्हे, वस्तू. डीजे भाड्यानं मिळतो, डीजे ट्रॉलीवर चढतो, डीजेनं खिडक्यांची तावदानं थरथरतात, डीजेवर बंदी येते आणि मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ती बंदी कोण किती पाळणार यावर पैजा लागतात. स्पीकरच्या त्या भिंतीमागे लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराला लोक 'ऑपरेटर' म्हणतात. जनरेटरचा असतो तसा. म्हणून मी कुणाच्या मिक्सिंगचं कौतुक करायला लागलो की मित्र विचारतात, "त्यात कराचं काय असते बे? गाणे तं आपोआप वाजते."

प्रश्न वाटतो तेवढा अडाणी नाही. गाणी दुसऱ्यांची, वाद्य एकही वाजवायचं नाही, मग कौशल्य नेमकं कुठे? उत्तर शोधायला मी एक जुना मिक्स घेतलाय, कारण त्याच्या नावात आपल्या शेजारचं गाव आहे.

१८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसी रेडिओ वनच्या 'इसेन्शियल मिक्स' या कार्यक्रमात पॉल ओकनफोल्ड या इंग्रज डीजेचा दोन तासांचा मिक्स लागला. तो पुढे 'गोवा मिक्स' म्हणून ओळखला गेला. तेव्हा हा कार्यक्रम जेमतेम वर्षभराचा होता. ब्रिटनमध्ये लोकांनी तो रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतला, कॅसेटच्या कॅसेटी निघाल्या, आणि आज तो आपल्या फोनवर आहे. हे ट्रान्स की प्रोग्रेसिव्ह हाऊस, यावर अजून भांडणं होतात. 'प्रोग्रेसिव्ह हाऊस' हे नाव १९९२मध्ये 'मिक्समॅग' मासिकात डॉम फिलिप्स या पत्रकारानं रूढ केलं. (हाच डॉम फिलिप्स पुढे अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर लिहू लागला आणि २०२२मध्ये तिथेच त्याचा खून झाला. नाच-गाण्यावर लिहिणाऱ्यांना हलकं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) १९९४मध्ये या दोन प्रकारांमधलं कुंपण अजून पक्कं झालेलं नव्हतं, आणि या मिक्समधली मजा बरीचशी त्या मोकळ्या बांधावरच आहे.

आता थोडं गणित. एक गाणं मिनिटाला १४० ठोक्यांचं आणि दुसरं १३८चं असेल, तर दोन्ही एकदम सुरू केल्यावर पंधरा सेकंदांत ती अर्ध्या ठोक्यानं फाकतात. एकाच उखळात दोघींनी मुसळं घातली आणि एकीचा हात चुकला की जसा आवाज येतो, तसं ऐकू येतं. ते टाळायला रेकॉर्ड प्लेअरवर वेग कमी-जास्त करायची पट्टी असते. क्लबांमध्ये सर्रास दिसणाऱ्या टेक्निक्सच्या यंत्रावर ती आठ टक्के वर, आठ टक्के खाली सरकते. एका कानाला हेडफोन लावायचा, दुसऱ्या कानानं चालू गाणं ऐकायचं आणि बोटानं दुसरी रेकॉर्ड पहिलीच्या चालीला आणायची. हे बीटमॅचिंग. शिकायला महिने जातात. पूर्वी यालाच कौशल्य समजत आणि तेव्हा ते चूकही नव्हतं.

गोव्यात हे चाललं नाही. हणजूणच्या किनाऱ्यावर ऊन, वाळू आणि खारा वारा. त्यात रेकॉर्ड वाकायच्या, शिवाय त्या वाहून आणायच्या म्हणजे ओझंच. म्हणून तिथले डीजे आधी साध्या कॅसेटवर आणि पुढे डॅटवर वाजवू लागले. डॅट ही सोनीनं १९८७मध्ये आणलेली डिजिटल कॅसेट. आवाज स्वच्छ, आकार काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. पण त्या छोट्या यंत्रांवर वेगाची पट्टीच नसायची. १४०चं गाणं १४०नंच वाजणार. मग करायचं काय? दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर येऊच द्यायचे नाहीत. पहिल्या गाण्याचा ताल थांबून नुसता लांब सूर उरला की त्यात दुसऱ्या गाण्याची बिनतालाची सुरुवात सोडायची. हळूहळू संगीतकारही सुरुवात, शेवट आणि मधला विसावा ठोक्याविना लांबच लांब ठेवू लागले, कारण गाणं जोडता आलं नाही तर ते वाजणार नव्हतं. एका यंत्रातल्या उणिवेतून एका संगीतप्रकाराची बांधणी ठरली. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल तर जग पुढे गेल्यावरही अनेक वर्षं डॅटवरच वाजवत राहिला. २०२३मध्ये तो गोव्यातच वारला.

हे माहीत झाल्यावर 'गोवा मिक्स' वेगळा ऐकू येतो. ओकनफोल्डकडे पट्टीवाली यंत्रं होती, बीटमॅचिंग त्याच्या हातचा मळ होता. तरी या मिक्समध्ये तो पुन्हा पुन्हा ठोका सोडून देतो. हॅल्युसिनोजेन किंवा मॅन विथ नो नेम यांच्या धावत्या, वळवळत्या रचना येतात, अंगावर चढतात, आणि मग तळ काढून घेतल्यासारखं सगळं थांबतं. तिथे वँजेलिसचं 'ब्लेड रनर' या चित्रपटाचं संगीत तरंगत येतं. चित्रपट १९८२चा, पण त्याचा अधिकृत अल्बम निघाला तो याच वर्षी, १९९४मध्ये. काही क्षण कान ठोक्याची वाट बघत राहतो. ठोका येतो तेव्हा गाव बदललेलं असतं. मधेच ग्रेसचं गाणं येतं. आपले नागपूरचे ग्रेस नव्हेत. ओकनफोल्डच्याच एका संगीतप्रकल्पाचं ते नाव. पण त्या धुक्यात तेही शोभले असते.

माझं म्हणणं एवढंच की या मिक्समध्ये गोवा कुठे असेल तर तो या जोडांमध्ये आहे. नावात नाही, गूढ पौर्वात्य सुरांमध्ये तर अजिबात नाही. इंग्लंडच्या रेडिओसाठी, युरोपात बनलेल्या संगीतातून केलेला हा मिक्स. त्यात गोव्याचा एक माणूस नाही, कोकणीचा एक शब्द नाही, मांडोचा एक सूर नाही. 'गोवा' इथे एका किनाऱ्यावर जमलेल्या परदेशी पाहुण्यांच्या आठवणीचं नाव आहे आणि त्याचा राग यायला हवा तेवढा मलाही येतो. पण गोव्यातल्या उन्हामुळे, खाऱ्या वाऱ्यामुळे आणि एका अपुऱ्या यंत्रामुळे जी जोडायची रीत घडली, ती या मिक्सनं लंडनच्या हिवाळ्यात नेली. हे श्रेय हवामानाला आहे, पण हवामान तिथलंच ना.

दोष आहेत. चित्रपट संगीत म्हणजे तयार भव्यता. पहिल्यांदा काटा येतो, तिसऱ्यांदा वाटतं की गाण्यानं जे कमवायला हवं ते उसनं आणलंय. मी वर्धा-नागपूर रेल्वेनं रोज ये-जा करतो; जाताना पहिला तास, येताना दुसरा असं बरेच दिवस ऐकून पाहिलं. येतानाचा तास नेहमी लांब वाटला. थकव्याचा भाग सोडला तरी चढ, थांबा, पुन्हा चढ हा ठेका कळल्यावर पुढचा विसावा कधी येणार ते आधीच ओळखता येतं. बुटीबोरी गेली की माझं लक्ष खिडकीबाहेर.

त्यानंतर 'नॉर्दर्न एक्स्पोजर' ऐकला की दुसरं टोक दिसतं. साशा आणि जॉन डिगवीड या दोघांचा १९९६चा अल्बम, मिनिस्ट्री ऑफ साउंडनं काढलेला, दोन सीडींचा: एक उत्तर, एक दक्षिण. प्रोग्रेसिव्ह हाऊसच्या मिक्सिंगचा नमुना म्हणून आजही याचंच नाव घेतलं जातं. इथे ठोका सुटत नाही. एक गाणं संपायच्या कितीतरी आधी दुसरं खालून वाजू लागलेलं असतं, आधी नुसती झांज, मग एखादा सूर, आणि तो सूर पहिल्याच गाण्याचा वाटावा इतका त्याच्या स्वरात बसलेला. बरीच मिनिटं दोन गाणी एका घरात नांदतात. विल्यम ऑर्बिटच्या संगीतात तुम्ही कधी शिरलात ते सांगता येत नाही, फक्त आलोय एवढं कळतं.

खेड्यातल्या भजनात हे मी लहानपणापासून ऐकलंय. एक अभंग संपतो आणि दुसरा उचलायच्या आधी मंडळ नामाचा गजर धरतं. मृदंग आणि टाळ थांबत नाहीत. तेवढ्यात पेटीवाला पुढच्या चालीवर येतो. ताल धरून सूर बदलायचा. साशा-डिगवीड हेच करतात. गोव्याची रीत याच्या नेमकी उलट: सूर धरायचा आणि त्याच्या आडोशाला ताल बदलायचा. मला स्वतःला पहिली रीत जास्त कठीण वाटते आणि दुसरी जास्त धाडसी. भरल्या गर्दीसमोर ठोका बंद करणं म्हणजे चालू पंगतीत वाढणं थांबवण्यासारखं आहे. लोक थांबतील असा भरवसा लागतो.

तो भरवसा आमच्याकडच्या मिक्समध्ये दिसत नाही. मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून घेतलेले नॉनस्टॉप आठवा: दर अर्ध्या मिनिटाला डीजेच्या नावाची आरोळी, सायरन, मग तोच ढोलाचा तुकडा. ठोके मात्र अचूक जुळलेले, कारण ते काम आता सॉफ्टवेअरचं 'सिंक' बटण करतं. म्हणजे जे शिकायला महिने लागायचे ते फुकट झालं आणि जे कधीच विकत मिळत नव्हतं ते तसंच राहिलं: यानंतर काय, कधी, आणि दोघांना किती वेळ एकत्र ठेवायचं. पण ऑपरेटरवर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. त्याला एका चौकातून दुसऱ्या चौकापर्यंतच वेळ असतो, समोर दर दोन मिनिटांनी फर्माईश घेऊन येणारं मंडळाचं पोट्टं असतं, आणि रात्री दहाला कायद्यानं आवाज बंद. दोन तासांची चढण बांधायला त्याला कुणी दोन तास दिलेच नाहीत. गोव्यातल्यांना रात्र मिळायची, ओकनफोल्डला रेडिओ मिळाला. तरीही गेल्या विसर्जनात एका पोरानं हलगी संपवताना तिचा शेवटचा तुकडा अडकवून ठेवला आणि त्याखाली सावकाश पुढचं गाणं आणलं. नाचणाऱ्यांपैकी कुणी मान वर केली नाही. मी ट्रॉलीच्या मागे जाऊन बघितलं तर तो 'सिंक' न लावता बोटानंच जुळवत होता.

दोन्ही मिक्स ऐकायचे असतील तर हेडफोन लावा आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'क्रॉसफेड' बंद करा, नाहीतर फोन स्वतःच मधे मधे जोड मारत बसतो. आणि फुकटच्या अ‍ॅपवर ऐकू नका. जाहिरात नेमकी तिथे येते जिथे ठोका थांबलेला असतो.