‘माझा प्रवास’ला लागलेली कात्री

आपल्या मंडळींच्या लेखांत गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हमखास येतो, आणि बहुतेक वेळा कापूनच येतो. महूवाला महूची हकिगत उचलतो, झाशीवाला वेढा. आम्ही ग्वाल्हेरकर तरी काय वेगळं करतो? आपल्या गावाची पानं घेतली की झालं.

विषयवार कप्पे पाडणं हेही कथन तपासायचं एक हत्यार आहे, नाही असं नाही. पण त्याने क्रम मोडतो. विल्यम लाबोव्ह आणि जोशुआ वालेत्स्की यांनी १९६७ साली तोंडी कथनांचे पाच भाग दाखवले: स्थळकाळाची मांडणी, गुंतागुंत, मूल्यभाव, उलगडा आणि समारोप. यातला मूल्यभाव महत्त्वाचा. सांगणारा हे मुळात का सांगतोय, ते तिथे कळतं.

हे गोडशांना लावून पाहा. वरसईचा कर्जात असलेला भिक्षुक १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेत निघतो. मिळवलेलं बरंचसं लुटलं जातं. शेवटी घरी पोचते ती गंगेची कावड, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घडतं. म्हणजे आपल्याला जे पुस्तकाचं शिखर वाटतं ते झाशी त्यांच्या रचनेत गुंतागुंतीच्या भागात बसतं. उलगडा कावडीत आहे. हे फक्त झाशीची पानं वाचून कधीच दिसणार नाही.

दुसरं उदाहरण चौऱ्याऐंशी कलमांचं. इंग्रजांनी कलकत्त्याला राजेरजवाडे बोलावून धर्म बुडवणारी कलमं पुढे ठेवली, असं शिपाई सांगतात. आपला अभ्यासक म्हणतो, अशी सभा झालीच नाही, खोडा. अहो, खोडता कशाला? ती हकिगत बंडाची बातमी कळते तिथेच येते, आणि बंड का झालं याचं उत्तर देते. कलकत्त्याबद्दल तो पुरावा नाही हे खरंच. लोक बंडाचं कारण कसं सांगत होते, याचा मात्र आहे. फक्त लेखन घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी झालंय, त्यामुळे ‘१८५७ साली शिपाई शब्दशः हेच बोलले’ इथपर्यंत जाऊ नये.

आता इंजिनिअरची खोड म्हणा, पण चाचणीआधी नमुना कुठला ते पाहावं लागतं. १९०७ ची आवृत्ती काढताना चिंतामणराव वैद्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. १९०७ च्या प्रतीवर रचनेचं विश्लेषण केलं, तर गोडसे किती आणि वैद्य किती हे सांगता येणार नाही. तरी लेखांत आवृत्तीचा उल्लेखसुद्धा नसतो!

लष्करातल्या जुन्या वाड्यांमधून आपण ज्या मुलाखती घेतो, त्यांचंही हेच. विषयवार उतारे काढण्याआधी अख्खी मुलाखत उतरवा, आपण विचारलेल्या प्रश्नांसकट.