मोहरीचे पेपर

फोडणीत मोहरी तडतडली की आपला तिच्याशी असलेला संबंध संपतो, असं मी साठी गाठेपर्यंत समजत होतो. तडतडली म्हणजे तेल तापलं. पुढची पाळी हिंग-हळदीची. आमटीत तळाशी बसणाऱ्या त्या काळ्या दाण्यांना चव काय असते, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी त्याच्यावरूनच मीठ-मोहरी ओवाळून टाकायला सांगितली असती. पण गेल्या मे महिन्यात भाचा अमेरिकेहून आला आणि त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर चार बाटल्या आणि एक डबा मांडला. सगळ्यांत मोहरी!

हा भाचा विस्कॉन्सिनात, मॅडिसनला असतो. तिथून जवळच मिडलटन नावाच्या गावात चक्क मोहरीचं म्युझियम आहे. आपण केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते बघतो, तसे तिकडचे लोक सहकुटुंब जाऊन बाटल्या बघतात. ते काढलं बॅरी लेव्हनसन नावाच्या एका सरकारी वकिलानं. १९८६ साली त्याचा लाडका बेसबॉलचा संघ अंतिम फेरीत हरला. दुःखानं झोप येईना, म्हणून हा गृहस्थ रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात गेला आणि मोहरीच्या बाटल्यांपुढे उभा राहून त्यानं ठरवलं, की आता आपण ह्या जमवायच्या. पुढे त्यापायी नोकरीसुद्धा सोडली. आपला संघ हरला की आम्ही निवड समितीला शिव्या देतो आणि सकाळी मुकाट्यानं ऑफिसला जातो. म्हणून आमची म्युझियमं होत नाहीत.

भाच्याचं म्हणणं, आपण या सगळ्या चाखू आणि गुण देऊ. पण परीक्षक कोण? पानात काय पडलंय हे मला वाढणाऱ्याला विचारावं लागतं. सौ.नं "त्यात मेलं व्हिनेगर असतं" म्हणून हात झटकले.

"आजीच परीक्षक," भाचा म्हणाला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

आई ८४ वर्षांची. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. अर्ध्या गुणासाठी तिनं भल्याभल्या पालकांच्या डोळ्यांतून पाणी काढलेलं. पण गेलं वर्षभर तिला जेवणच लागत नव्हतं. आमटीला 'कोमट पाणी' म्हणायची, आमरसाला 'पिवळा लगदा'. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर वास घेण्याची शक्ती कमी होते आणि तिच्यामागोमाग चवही बरीचशी जाते. दोन घास खाऊन ताट बाजूला सरकवायची. सौ. रोज काहीतरी नवं करून बघायची आणि रात्री ओटा पुसता पुसता मला हळूच विचारायची, "माझ्या हाताचंच काही बिघडलंय का हो?" अशा माणसापुढे बाटल्या ठेवायच्या म्हणजे चेष्टाच की.

आई मात्र म्हणाली, "आण. आणि लाल पेन्सिल आण."

पहिली अमेरिकन पिवळी. १९०४ सालापासून तिकडचे लोक ही सॉसेजवर पिळून खातात. रंग असा की डोळे दिपावेत. भाच्यानं खुलासा केला की तो रंग मोहरीचा नसून आपल्या हळदीचा! आईनं चमच्याचं टोक जिभेला लावलं. "हळदीकुंकवाला आलेली बाई. दागिने भरपूर, बोलायला काही नाही." दहापैकी ३. नंतर बव्हेरियाची गोड मोहरी. म्युनिकच्या डेव्हेलाय नावाच्या माणसानं १८५४ च्या सुमारास साखर घालून ती केली म्हणे. "हे मेथांब्याचं सावत्र भावंड आहे," आई म्हणाली आणि तिनं २ दिले, तेसुद्धा अक्षराचे.

तिसरी अख्ख्या दाण्यांची. दाणे कवळीखाली गेले. परीक्षार्थी गैरहजर.

मग आली दिजाँ. नावाप्रमाणे ही फ्रान्समधल्या दिजाँ गावची. १८५६ साली तिथल्या ज्याँ नैजाँनं व्हिनेगरऐवजी कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घातला आणि ही नावारूपाला आली. मात्र दाणे बहुतेक कॅनडातले. २०२१ साली कॅनडात दुष्काळ पडला आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या दुकानांच्या फळ्या रिकाम्या! म्हणजे नाव कोल्हापूरचं आणि गूळ भलतीकडचा. ते काही असो, ही जिभेवर ठेवल्यावर आईची डावी भुवई वर गेली आणि ती "हं" म्हणाली. हा 'हं' वर्षभरात आमच्या टेबलावर ऐकू आला नव्हता. सौ. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"उंबऱ्यापर्यंत आली. आत काही आली नाही," असा शेरा मारून आईनं ६ दिले.

शेवटी डबा. इंग्लिश मोहरीची पूड. १८१४ साली नॉर्विचजवळच्या एका गिरणीत जेरेमाया कोलमननं ती सुरू केली. लोक खातात त्या मोहरीवर नव्हे, तर ताटात टाकून देतात त्या मोहरीवर तो श्रीमंत झाला, असं सांगतात. भाच्यानं वाटीत पूड घेऊन सोलरच्या नळाचं कढत पाणी ओतलं. आईनं चाखलं आणि तोंड कडू केलं. "कोरा पेपर. अरे, गरम पाण्यात मोहरी फेसतात का कधी?"

भाचा रसायनशास्त्रातला पीएच.डी. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कारण शास्त्र तेच सांगतं. झणका दाण्यात तयार नसतोच. तो होण्यासाठी लागणाऱ्या दोन वस्तू दाण्यात वेगवेगळ्या कप्प्यांत बसलेल्या असतात. दाणा फुटला आणि पाणी लागलं की त्यांची गाठ पडते. त्यातली एक उष्णतेनं मरते. म्हणून तर फोडणीतली मोहरी इतकी गरीब. हे त्याला माहीत होतं, फक्त हाताला माहीत नव्हतं.

आई खुर्चीचा आधार घेत उठली. खल काढायला लावला. लोणच्यासाठी आणलेली मोहरीची डाळ मागितली. चिमूटभर मीठ, त्याहून थोडी साखर, माठातलं गार पाणी, तेही थेंब थेंब. डाळ खलून झाल्यावर ती हातानं फेसायला बसली. मनगट अगदी काडीसारखं झालंय तिचं. सौ. म्हणाली, "आई, द्या मी करते." तिनं मान हलवली. झाकण ठेवून दहा मिनिटं कुणालाही हात लावू दिला नाही.

मग बोट बुडवून जिभेवर ठेवलं. क्षणभर काही नाही. एकदम ठसका, डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल! सौ. पाण्याचं भांडं घेऊन धावली. आईनं हात वर केला.

"थांब गं. लागलं. आत्ता लागलं मला."

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, की हा झणका म्हणजे वास नव्हेच. त्याची नसच निराळी, चेहऱ्यावर भाजलं-झोंबलं तर कळवणारी. वासाचा रस्ता बंद झाला तरी हा उघडा राहू शकतो. त्या दिवशी मात्र आम्हाला एवढंच दिसत होतं, की काकडी कोचवून त्या फेसलेल्या मोहरीची आणि दह्याची कोशिंबीर झाली आणि आईनं तिच्याबरोबर दोनदा भात मागून घेतला. स्वतःला तिनं साडेनऊ दिले. अर्धा मिठासाठी कापला.

वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी ही हकीकत ऐकून आठवड्यानं कासुंदी पाठवली. कच्ची कैरी घातलेली आणि बरीच झणझणीत. तिला ८ मिळाले आणि 'वर्गात लक्ष असते' असा शेरा. दिजाँ आता मी एकटाच पोळीला लावून संपवतोय. पिवळी आणि गोड भाच्यानं परत नेली नाही, हे मला त्याचं आगाऊपण वाटतं.

आईचं वजन अजून फारसं वाढलेलं नाही. पण आमटी मिळमिळीत आहे म्हणून ती पुन्हा भांडायला लागली आहे. मोहरी हल्ली सौ. फेसते. काल तिला ७ मिळाले. 'मनगट ढिले, पाण्याची घाई' असं लाल पेन्सिलीनं लिहिलेला तो कागद तिनं फ्रिजच्या दारावर लावून ठेवलाय.