यकृतजतनाच्या प्रयोगांतील इजेचे मोजमाप

दात्याच्या देहातून काढलेले यकृत रोग्याच्या देहात बसविले जाईपर्यंत जे तास जातात, त्या तासांत त्याची हानी कशी टाळावी या प्रश्नावर विपुल संशोधन झाले आहे. ती हानी मोजावी कशाने, याकडे मात्र त्या मानाने थोडे लक्ष गेलेले दिसते.

विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर व साउदर्ड यांनी १९८० ते १९९० या दशकात सिद्ध केलेल्या द्रावणामागील तर्क स्वच्छ होता. थंडीत पेशीचा सोडियम-पंप मंदावतो, पाणी आत शिरते व पेशी फुगते. लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज हे पेशीपटलातून आत न जाणारे पदार्थ ही सूज आवरून धरतात. परंतु इजेचे बीज थंडीत पडले, तरी तिचा मोठा भाग रक्त पुन्हा खेळू लागल्यावर प्रगट होतो. प्राणवायूच्या अभावी पेशींत सक्सिनेट साठते आणि प्राणवायू परत येताच त्याच्या झपाट्याच्या ज्वलनातून मायटोकाँड्रियांत घातक मूलके निर्माण होतात, हे २०१४ साली उंदरांवरील संशोधनातून पुढे आले. बर्फाच्या पेटीऐवजी यंत्र वापरण्याच्या कल्पनेस यामुळे नवे बळ मिळाले.

देहाच्या तापमानात रक्त खेळविणाऱ्या यंत्राची युरोपातील चाचणी २०१८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २२० प्रतिरोपणे होती. जतनाचा सरासरी काळ निम्म्याहून अधिक वाढूनही टाकून द्यावी लागलेली यकृते निम्म्यावर आली, ही गोष्ट लहान नव्हे. चाचणीचा मुख्य निकष मात्र पहिल्या सात दिवसांतील एएसटी या एन्झाइमची रक्तातील कमाल पातळी हा होता आणि ती सुमारे निम्म्याने घटली. येथेच शंका उपस्थित होते. यंत्रावर ठेवलेल्या यकृतात रक्ताचे पुनरागमन यंत्रावरच घडते. फुटलेल्या पेशींतील एन्झाइम यंत्रातील द्रवात उतरते, आणि रोपणापूर्वी यकृत धुतले जाते तेव्हा तो द्रव निघून जातो. पेटीतील यकृताचे तेच एन्झाइम रोग्याच्या रक्तात येऊन मोजले जाते. म्हणजे उपचाराने इजा कमी केली की इजेची खूण धुऊन टाकली, हे या एका आकड्यावरून ठरत नाही. यकृताच्या प्रारंभिक अकार्यक्षमतेचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले हे उत्तरही अपुरे आहे. कारण तिच्या प्रचलित व्याख्येत एन्झाइमची पातळी २००० च्या वर जाणे हा एक स्वतंत्र निकष आहे. एकच साक्षीदार दोनदा उभा करावा तसे हे झाले. पित्तनलिकांचे विकार, यकृताचे टिकणे व रोग्याचे जगणे यांत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, हे त्या लेखकांनी प्रांजळपणे नोंदविले आहे. त्यांचे उद्धरण करणारे पुष्कळदा ते वगळतात.

पित्तनलिकांचा मुद्दा गौण मुळीच नाही. यकृतपेशींना द्वारशिरा व यकृतधमनी या दोहोंतून रक्त मिळते. पित्तनलिका प्रायः धमनीवरच अवलंबून असतात. एएसटी यकृतपेशींची कथा सांगते, नलिकांची नव्हे. हृदय थांबल्यानंतर दान झालेल्या यकृतांत तर नलिका आकसणे हीच दीर्घकाळची आपत्ती असते.

या दृष्टीने नेदरलँड्समधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेली व २०२१ साली प्रसिद्ध झालेली चाचणी अधिक समंजस वाटते. तीत यकृत प्रथम बर्फातच राहिले, आणि रोपणापूर्वी दोन तास थंड, प्राणवायुयुक्त द्रव त्यातून खेळविला गेला. १५६ रोग्यांत सहा महिन्यांच्या आत नलिका आकसण्याचे प्रमाण १८ टक्क्यांऐवजी ६ टक्के आढळले. येथे मोजले गेले ते रोग्याला भोगावे लागणारे दुखणे. तरीही सहा महिने हा काळ तोकडा आहे, गणना लक्षणे दिसलेल्यांचीच झाली, आणि सर्व यकृते हृदय थांबल्यानंतरच्या दानाची होती. मेंदुमृत दात्यांच्या यकृतांस हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तापलेल्या यंत्राच्या पुढील चाचण्यांत निदान यंत्रातील द्रवात उतरलेले एन्झाइम मोजून रक्तातील आकड्याशेजारी छापले, तर दोन पद्धतींची तुलना तरी सरळ होईल.