थोमाचे बोट : एका चित्राविषयी

संशयी थोमावर प्रवचन करताना आपण बहुधा त्याला दोषी ठरवून मोकळे होतो. काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने १६०१-०२ च्या सुमारास रंगविलेले, आज जर्मनीत पॉट्सडॅम येथील सांसुसीच्या चित्रसंग्रहात असलेले थोमाचे चित्र पाहिले म्हणजे हा निवाडा किती घाईचा आहे हे ध्यानात येते.

पार्श्वभूमी काळोखी आहे. चार मस्तके एकमेकांस जवळजवळ भिडली आहेत. थोमाच्या अंगरख्याची शिवण खांद्यावर उसवली आहे, कपाळावर आठ्या आहेत आणि त्याचे बोट प्रभूच्या कुशीतील जखमेत शिरले आहे. जाणून घेणे हे केवळ बुद्धीचे काम नव्हे. त्यासाठी मान वाकते, हात पुढे होतो, हे येथे निःसंकोच दाखविले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. योहानाच्या शुभवर्तमानात (२०:२४-२९) थोमाने स्पर्श केल्याचा उल्लेखच नाही. प्रभूचे निमंत्रण येते आणि पाठोपाठ थोमाची कबुली. मग चित्रकार वचनापलीकडे गेला काय? गेला खरा, परंतु एका तपशिलाने त्याने ते सावरले आहे. थोमाचे मनगट स्वतः प्रभूने धरले आहे. शोध थोमाचा असला, तरी देहाद्वारे मिळणारे हे ज्ञान त्याने हिसकावून घेतलेले नाही. ते त्याला दिले गेले आहे.

आमच्या मते चित्राचे खरे उणेपण निराळेच आहे. सर्वांच्या दृष्टी जखमेकडे लागल्या आहेत; प्रभूच्या मुखाकडे कोणीच पाहत नाही. शुभवर्तमानातील थोमा मात्र जखमेविषयी निष्कर्ष सांगत नाही. समोर उभ्या असलेल्यास तो आपला प्रभू व देव म्हणून संबोधितो. तपासणीची आराधना होते तो क्षण चित्रात आलेला नाही.

तरीही धर्मशिक्षकांनी हे चित्र अवश्य अभ्यासावे. इतर शिष्यांना प्रभूने आपले हात व कूस आधीच दाखविली होती (२०:२०). थोमाची मागणी त्याहून फार मोठी नव्हती. क्रूसाच्या पायांना हात लावल्यावाचून एखाद्या वृद्धेचे समाधान होत नाही. वेदीवरील प्याला धरून पाहावा असे एखाद्या मुलाला वाटते. अशांना आपण चटकन दूर सारतो. आम्हीही सारले आहे. शब्द देहधारी झाला असे शिकविणाऱ्यांनी देहाने विचारलेला प्रश्न अश्रद्धा समजून झिडकारू नये. तो हात मनगटाशी धरून पुढे न्यावा आणि मग दृष्टी प्रभूच्या मुखाकडे वळवावी.