‘आय लव्ह यू’चं वजन कुठल्या काट्यावर करायचं?

‘खरं प्रेम मातृभाषेतच व्यक्त होतं, हे विज्ञानानं सिद्ध केलंय’ अशा अर्थाचं काहीतरी तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. फेब्रुवारीत तर हमखास. वाक्य ऐकायला छान आहे आणि मराठी माणसाला सुखावणारंही आहे. पण जोडीदाराची भाषा वेगळी असेल तर हेच वाक्य टोचतं. नवरा मराठी, बायको तमिळ आणि घरातली भाषा इंग्रजी. मग यांचं प्रेम काय अनुवादित समजायचं? म्हणून आज या दाव्यामागचं मूळ संशोधन काय म्हणतं ते बघू, आणि त्यात मला काय खटकतं तेही सांगते.

या विषयावर ज्याचा उल्लेख टाळताच येत नाही असा शोधनिबंध 2008 साली ‘जर्नल ऑफ प्रॅग्मॅटिक्स’मध्ये आला. लेखक जाँ-मार्क देवाले, लंडनच्या बर्कबेक कॉलेजातले भाषावैज्ञानिक. त्यांनी आणि अनेटा पाव्लेन्को यांनी या शतकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर बहुभाषिकांसाठी एक मोठी प्रश्नावली ठेवली होती. त्यातल्या एका प्रश्नाचा आशय असा: ‘आय लव्ह यू’ या वाक्याचं भावनिक वजन तुमच्या वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळं वाटतं का? सगळ्यात जड कुठल्या भाषेत वाटतं? 1459 जणांची उत्तरं तपासली. जवळजवळ निम्मे म्हणाले, पहिल्या भाषेत. साधारण तिसरा हिस्सा म्हणाला, दोन्हींत सारखंच. आणि सुमारे चौथा हिस्सा म्हणाला, नंतर शिकलेल्या भाषेत जास्त.

म्हणजे ‘मातृभाषेतच’ म्हणणारे निम्मेही नाहीत! त्या वाक्यातला ‘च’ इथेच गळतो.

निबंधाचा जमेचा भाग मला वाटतो तो पुढचा. दुसऱ्या भाषेत हे वाक्य जड कधी वाटतं, हे देवाले शोधतात. ती भाषा लहान वयात शिकली असेल, वर्गाबाहेर माणसांत राहून शिकली असेल, तिच्यात रोजचं बोलणं-भांडणं होत असेल, ती सफाईनं बोलता येत असेल, तर वजन वाढतं. थोडक्यात, वजन भाषेच्या जन्मक्रमाला चिकटलेलं नाही, ते वापरातून चढतं. हे निष्कर्ष लेखांमध्ये क्वचितच येतात, कारण त्यांचा मथळा होत नाही.

आता आक्षेप. मी भाषावैज्ञानिक नाही, पण प्रयोगशाळेत रोज मोजमापांशी झगडा असतो. आमच्याकडे नवं उपकरण आलं की पहिला प्रश्न हाच: हे नक्की काय मोजतंय? तोच प्रश्न मी या प्रश्नावलीला विचारते.

पहिला मुद्दा नमुन्याचा. उत्तरं देणाऱ्यांमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त आणि बहुतेक जण उच्चशिक्षित. त्या काळात इंटरनेटवर जाऊन भाषांविषयीची लांबलचक प्रश्नावली भरणारा माणूस म्हणजे भाषेत आधीच रस असलेला माणूस. देवाले यांनी हे लपवलेलं नाही. पण त्यांचा आधार घेणारे लेख ही मर्यादा वाटेतच सोडून देतात.

दुसरा मुद्दा जास्त खोलातला आहे. प्रश्न असं गृहीत धरतो की ‘आय लव्ह यू’ ही वस्तू प्रत्येक भाषेच्या फडताळात ठेवलेली आहे, फक्त काढून काट्यावर ठेवायची. मराठीचं फडताळ उघडून बघा. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे व्याकरणानं चोख, पण घरात कितीदा ऐकलंय? ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ तर डब केलेल्या सिनेमातलं वाटतं. ‘मला तू आवडतेस’ यात ‘मी’ कर्ताच नाही. आवडणारी व्यक्ती कर्ता आणि मी नुसता अनुभव घेणारा. शिवाय ‘जीव जडला’, ‘जीव लावला’ आहेच. यातलं ‘आय लव्ह यू’ कुठलं? ज्यानं जे मनात धरलं असेल त्याचं वजन तो सांगणार. वाक्यच बदललं तर आपण भाषा मोजतोय की वाक्य?

त्यात आणखी एक गोष्ट. मराठीत हे वाक्य बोलण्याआधीच ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावं लागतं. नवऱ्याचं नाव न घेता आयुष्यभर ‘अहो’ म्हणणाऱ्या पिढीत नाव उच्चारायची एक राखीव जागा होती, उखाणा. नात्याचं वजन संबोधनात साठवलेलं होतं. पुढे ‘अहो’चं ‘अरे’ झालं तो बदल कुठल्याही प्रेमवाक्याहून मोठा होता. इंग्रजीतल्या ‘यू’वर बेतलेल्या प्रश्नाला हे दिसणारच नाही.

आणि ‘आय लव्ह यू गं’ याचं काय करायचं? हे इंग्रजी की मराठी? साताऱ्यातला एखादा मुलगा हे म्हणतो तेव्हा तो इंग्रजी बोलत नसतो. ते तीन शब्द टेबल-पेनासारखे मराठीत येऊन बसलेत, आणि शेवटचा ‘गं’ त्यांना घरचं करतो. प्रश्नावलीत मात्र पहिली भाषा आणि नंतरची भाषा असे वेगळे रकाने आहेत. हा ‘गं’ कुठल्या रकान्यात लिहायचा?

‘पण शरीर तर खोटं बोलत नाही’ असं म्हणून दुसरा एक पुरावा पुढे केला जातो. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2003 साली 32 तुर्की-इंग्रजी द्विभाषिकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावले. भावना उचंबळली की घामाच्या ग्रंथी किंचित जागृत होतात आणि त्वचेतून वीज जास्त सहज वाहते, ते मोजायचं. फरक ठळकपणे कुठे दिसला? शिव्या आणि लहानपणी ऐकलेली दटावणी यांत! तुर्कीतल्या रागावण्यानं अंग शहारलं, इंग्रजीतल्या रागावण्यानं तितकं नाही. म्हणजे हा प्रयोग आईच्या ओरडण्याबद्दल सांगतो. त्यावरून जोडीदाराच्या प्रेमाबद्दल बोलणं ही उडी आहे. शिवाय त्वचेची ही मोजणी भावनेची तीव्रता सांगते, जात नाही. भीती आणि आनंद, दोन्हींना काटा हलतो. हॅरिस यांच्याच पुढच्या, 2004 च्या अभ्यासात लहानपणापासून दोन्ही भाषांत वाढलेल्या स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिकांत असा फरक आढळला नाही, हेही लक्षात ठेवावं.

इथे कुणी म्हणेल, ‘वाक्यच नको. आमच्याकडे प्रेम बोलून नाही, करून दाखवतात.’ चिनी आणि अमेरिकी लोकांची तुलना करणारा हॅरिस व सहकाऱ्यांचा 2013 चा एक निबंध आहे, त्याच्या शीर्षकातच ‘करा जास्त, बोला कमी’ असा भाव आहे. निरीक्षण म्हणून ते ठीक. पण आपण त्याचं समर्थन करायला लागलो की मला अडचण वाटते. ‘पोचलीस की फोन कर’ यात प्रेम असतं, मान्य. मात्र न बोलण्याला संस्कृतीचं नाव दिलं की ऐकायची वाट बघणाऱ्या माणसाची, आणि आपल्या घरांत ती बहुधा बाई असते, मागणीच अवाजवी ठरते. तुझी भाषा मला जड वाटत नाही, आणि माझ्या भाषेत बोलायची पद्धत नाही: या दोन सबबी एकत्र आल्या तर समोरच्यानं करायचं काय?

वेगळ्या भाषांच्या जोडप्यांसाठी खरा कामाचा निबंध देवाले आणि सालोमिदू यांचा, 2017 चा. त्यात 429 जणांना विचारलं होतं. बऱ्याच जणांनी सांगितलं की जोडीदाराच्या भाषेत प्रेम व्यक्त करताना सुरुवातीला शब्द पोकळ, नाटकी वाटायचे. पण ही अडचण सहसा काही महिन्यांत ओसरली, आणि निम्म्याहून अधिकांसाठी ती भाषाच मनाची भाषा झाली. हेही लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, त्यामुळे माझे मोजमापाचे आक्षेप इथेही लागू आहेत. तरी हा निष्कर्ष 2008 च्या निबंधाशी जुळतो: वजन वापरानं चढतं.

मराठीबद्दल असा अभ्यास कुणी करणार असेल तर माझी एक सूचना आहे. ‘कुठल्या भाषेत जड वाटतं?’ एवढंच विचारू नका. शेवटचं कधी म्हणालात, कुणाला, ‘तू’ म्हणून की ‘तुम्ही’ म्हणून, आणि समोरच्यानं काय उत्तर दिलं, हेही विचारा. आतापर्यंतच्या प्रश्नावल्यांनी बोलणाऱ्याच्याच मनातलं वजन विचारलंय. ऐकणाऱ्याला ते किती जड लागलं, याचा रकाना अजून रिकामा आहे.