सिंहासन, सिमेंट आणि 'आपला माणूस'

सत्ताधाऱ्याचे चरित्र लिहिणे अवघड असते. तो आपल्याच समाजाचा असेल तर ते अधिकच अवघड होते. बॅ. ए. आर. अंतुले यांच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात हे वारंवार जाणवते. एकीकडे 'सिमेंटवाला मुख्यमंत्री' अशी हेटाळणी आणि दुसरीकडे 'आपला माणूस होता, म्हणून त्याचा बळी घेतला' अशी हळहळ. दोन्ही चित्रे अपुरी आहेत.

या संदर्भात डॉ. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' पुन्हा पाहावा. १९७९ सालच्या या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांनी अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून लिहिली. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. लागूंचा बंडखोर अर्थमंत्री आणि हे सारे पाहणारा निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस आजही खरे वाटतात. कुणा एकाला खलनायक न ठरवता खुर्चीच माणसांना कशी नाचवते हे दाखवण्यात या चित्रपटाचे मोठेपण आहे. परंतु त्यात एक उणीव राहते. तिथले पुढारी प्रामुख्याने घेणारे, हिसकावणारे दिसतात. गरिबाला काही देणारा आणि त्याच वेळी कायदा वाकवणारा नेता त्यात ठळकपणे येत नाही. म्हणून प्रेक्षकाला त्यांचा तिटकारा करणे सोपे जाते.

तसा नेता महाराष्ट्राने पुढच्याच वर्षी पाहिला. आंबेतसारख्या कोकणातल्या गावातून आलेले अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. विधवा, अपंग, निराधार यांना ती आजही आधार देते. आमच्या मराठवाड्याशीही त्या काळाचे नाते आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले आणि मराठवाड्यातल्या पक्षकाराचे मुंबईचे हेलपाटे वाचले.

त्यानंतर चारच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. प्रकरणाचे गणित साधे होते. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. नियंत्रित भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत मोठी तफावत होती. त्यामुळे कुणाला किती पोती द्यायची हे ठरवणाऱ्याच्या हाती पैशाची किल्ली होती. बिल्डरांनी मुख्यमंत्र्यांशी संबंधित प्रतिष्ठानांना देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंट मिळायचे, असा आरोप होता. जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले.

तो निकाल म्हणजे फौजदारी शिक्षा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. फौजदारी खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. तो उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा १९८४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८८ मध्ये रद्द केला. अंतुले पुढे केंद्रात अल्पसंख्याक मंत्रीही झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपण लिहिणाऱ्यांनी ज्यावर थांबावे अशी एक गोष्ट इथे आहे. या प्रतिष्ठानांपैकी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हे साहित्य आणि कलेच्या उत्तेजनार्थ काढलेले होते. म्हणजे पैसा गोळा होत होता तो आपल्यासारख्यांच्या नावाने! कवी-कलावंतांना मदत व्हावी, हा हेतू वाईट कोण म्हणेल? पण जकात-सदका देताना कमाई हलाल आहे का, हे आपल्या घरात विचारले जाते. तोच सवाल पुढाऱ्याच्या दानधर्माला का विचारू नये? जे पोते नियमाने सामान्य माणसाच्या घराला मिळायचे, ते देणगीदाराकडे वळले, तर त्या दानाची किंमत शेवटी गरिबानेच मोजली.

'त्यांच्यापेक्षा मोठे घोटाळे इतरांनी केले' असे म्हटले जाते. मुस्लिम नेत्याच्या चुकीची झळ साऱ्या समाजाला सोसावी लागते आणि इतरांच्या चुकीची मात्र त्यांच्या समाजाला लागत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण तिचे उत्तर चूक झाकणे हे नव्हे. उर्दू शाळेत शिकवताना मला वाटते, आमच्या मुलांना निष्कलंक पुतळा नको, पूर्ण माणूस हवा आहे. नाहीतर 'आपला आहे' एवढ्यावर ती कुणालाही मत देतील.

'सिंहासन'ने खुर्चीची गोष्ट सांगितली. देणाऱ्या हाताची गोष्ट आपल्यापैकी कुणीतरी लिहायला हवी. तीत निराधार बाईच्या हातात पडलेले अनुदान आणि बिल्डरने दिलेली देणगी एकाच प्रकरणात यावी.